ही वास्तू नक्की कोणाच्या ताब्यात?
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या वास्तूंच्या पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीवर लिहिलं आणि त्यावर खूप पत्रं आली. काही किल्ल्यांबद्दल, काही कचेऱ्यांबद्दल, दोन तर क्रीडा संकुलाबद्दल. वरवर विषय वेगळे दिसतात, पण सार्वजनिक बांधकाम खात्यात 31 वर्षं काढल्यावर (त्यातली 9 प्रतिनियुक्तीवर, पुरातत्त्वाच्या कामांवर) मला त्या सगळ्यांत एकच दुखणं दिसतं. लोकांची वास्तू असते, पण तिच्यावर रोजची नजर कोणी ठेवायची हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. निवडक पत्रांना उत्तरं देते आहे.

*

ताई, आमच्या गावाजवळच्या किल्ल्याचा एक बुरूज दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतोय. आम्ही वीस-पंचवीस पोरं दर रविवारी वर जाऊन झाडलोट करतो. आता वर्गणी काढून सिमेंट-वाळू वर न्यायची आणि बुरूज बांधून काढायचा, असं ठरतंय. परवानगी कोणाची लागते? की महाराजांचा किल्ला आहे, आपलाच आहे, म्हणून करून टाकायचं?
— एक तरुण, पुणे जिल्हा

सिमेंटची गोणी खालीच ठेवा. तुमची तळमळ मला कळते, रविवार सोडून डोंगर चढणाऱ्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच स्पष्ट सांगते.

आधी किल्ला कोणाचा ते बघा. महाराष्ट्रात तीन शक्यता असतात. पहिली, तो केंद्राच्या यादीत आहे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. पायथ्याला किंवा दरवाजाजवळ निळा फलक असतो आणि त्यावर 1958 च्या कायद्याचा उल्लेख असतो. देशभरात अशी साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत. दुसरी, तो राज्य संरक्षित आहे, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. त्याला राज्याचा 1960 चा वेगळा कायदा लागतो. तिसरी शक्यता सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित: तो कुठल्याच यादीत नाही. मग तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढा. जमीन वनखात्याची निघते, महसूलची निघते, कधी खासगीही निघते.

केंद्र संरक्षित असेल, तर परवानगीशिवाय एक दगड हलवणंही गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची नासधूस किंवा त्यात फेरफार केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही प्रेमाने बांधलेला बुरूजही कायद्याच्या नजरेत फेरफारच ठरतो. असंरक्षित किल्ल्यावरही ज्याची जमीन त्याची लेखी परवानगी घ्याच.

आता सिमेंटबद्दल, कारण कायद्यापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. एका राज्य संरक्षित वास्तूच्या तटाचं काम माझ्याकडे आलं, त्याच्या वीसेक वर्षं आधी कोणीतरी तिथल्या दरजा (दोन दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या होत्या. लांबून काम चोख दिसत होतं. जवळ गेल्यावर दिसलं की सिमेंटची रेघ जशीच्या तशी आहे, पण तिच्या वरचा आणि खालचा दगड आत गेलाय. बोट फिरवलं तर दगडाची भुकटी हाताला लागत होती आणि कडेला पांढरा खार फुटलेला. भिंतीच्या पोटात मुरलेलं पाणी चुन्याच्या मसाल्यातून, म्हणजे दगड जोडणाऱ्या लगद्यातून, बाहेर पडतं, सिमेंटमधून पडत नाही. मग ते दगडातून वाट काढतं, येताना क्षार घेऊन येतं आणि दगडच पोखरतं. सोबतचा गवंडी वाकून बघत म्हणाला, ‘‘बाई, मसाला दगडापेक्षा मऊ पायजे. झिजायचं तर मसाल्यानं झिजावं.’’ एवढं नेमकं वाक्य मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

त्या कामाला आम्ही चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) हौदात विरवली, कित्येक दिवस पाण्याखाली मुरू दिली, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली, मळली. बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घातलं. काम सिमेंटच्या निम्म्या वेगानेही झालं नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं. शिवाय बऱ्याच डोंगरी किल्ल्यांच्या तटाला मसालाच नसतो. नुसते दगड एकमेकांत बसवलेले असतात, पाणी त्यांच्या फटींतून निथळून जातं. तिथे फटी बुजवल्या, तर पावसाळ्यात मागची माती फुगते आणि तट पुढे ढकलला जातो.

मग तुम्ही काय करायचं? पडलेले दगड आहेत तिथेच राहू द्या. ते गोळा करून पायऱ्या, कट्टे, बसायच्या जागा करू नका, कारण कुठला दगड कुठे पडला यावरूनच बुरूज पुन्हा रचता येतो. फोटो काढा, संबंधित कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची संगोपन योजना आहे, संस्थांना तिच्यातून करार करून अधिकृतपणे हात लावता येतो. तुमचा गट नोंदणीकृत करा आणि तिच्याबद्दल संचालनालयाकडे विचारणा करा. परवानगी मिळेपर्यंत टाक्यांच्या भोवतीचा कचरा काढणं, पाण्याच्या वाटा कशा वाहतात ते पावसात जाऊन बघणं, हेही मोठं काम आहे.

*

आमचा वाडा शनिवारवाड्याच्या जवळ, पुण्यात. छप्पर गळतं, एक भिंत फुगली आहे. कोणी म्हणतं काहीच करता येणार नाही, कोणी म्हणतं पैसे दिले की होतं. आम्ही तिथे राहायचं तरी कसं?
— एक गृहिणी, पुणे

तुमची अडचण खरी आहे आणि ती हजारो घरांची आहे. दोन्ही सांगणारे चूक आहेत.

केंद्र संरक्षित स्मारकाभोवती पहिले 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. 100 मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही, पाडून पुन्हा बांधणंही होत नाही. पण दुरुस्ती करता येते. तुमची इमारत 16 जून 1992 च्या आधीची असेल, तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथून तो दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. छप्पर बदलणं आणि फुगलेली भिंत सावरणं या गोष्टी दुरुस्तीत बसू शकतात, फक्त अर्जात ‘पुनर्बांधणी’ हा शब्द येऊ देऊ नका. कायद्यात तो वेगळा आहे आणि त्या एका शब्दाने अर्ज परत येतो. आजची स्थिती दाखवणारे फोटो, मोजमापाचा नकाशा आणि वाडा 1992 च्या आधीचा असल्याचा पुरावा (करपावती, सिटी सर्व्हेचा उतारा) सोबत लावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. ती हद्द कुठे आहे हे अधिसूचनेत आणि नकाशात असतं. तुमचं घर रेषेच्या आत आहे की बाहेर, हे कोणाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका.

माझं मत विचाराल, तर सगळ्या स्मारकांना सरसकट 100 मीटर ही पट्टी बोथट आहे. रस्त्याकडेच्या एकट्या कोस मिनाराला (अंतर दाखवणाऱ्या जुन्या मनोऱ्याला) जेवढं अंतर, तेवढंच ताजमहालाला. कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायची तरतूद 2010 पासून आहे. ते झाले, तर तुमच्यासारख्यांना किती उंची, कुठलं छप्पर, कुठला रंग हे आधीच कळेल. पण ते होण्याआधी नुसती पट्टी काढून टाका म्हणणाऱ्यांच्या मागे मी जाणार नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहिल्यावर आजही वर आभाळ दिसतं, ते याच बोथट पट्टीमुळे.

*

आमच्या तालुक्याची ब्रिटिशकालीन दगडी कचेरी पाडून नवी प्रशासकीय इमारत होणार आहे. इमारत धोकादायक आहे म्हणतात. ती कुठल्या यादीत नाही. तिला वाचवायला कायदा आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

सर, तुमच्या पत्राने मला एक जुना दिवस आठवला. तो सांगते, म्हणजे ‘धोकादायक’ हा शब्द कसा तयार होतो ते कळेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका तालुक्याला कनिष्ठ अभियंता होते. तिथली कचेरी अशीच: काळा घडीव दगड, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं, पुढे रुंद ओसरी. दोन छपरं मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ होती. पावसाळ्यापूर्वी शिडी लावून वर गेले, तर पन्हळीत कुजलेल्या पानांचा थर आणि त्यात पिंपळाचं रोप, करंगळीएवढं. त्याचं मूळ भिंतीच्या दरजेत शिरलेलं. खाली उभा असलेला मजूर म्हणाला, आत्ता उपटतो. पण पन्हळीचा पत्रा सडला होता, नुसतं रोप उपटून भागणार नव्हतं. मी पाहणी टिपणी लिहिली, छोटंसं अंदाजपत्रक केलं: दोन मजूर, एक गवंडी, थोडा पत्रा, थोडा चुना. ते परत आलं. शेरा होता, किरकोळ दुरुस्तीचं अनुदान संपलं आहे, पुढील वर्षी सादर करावे. शिवाय चुन्याच्या कामाचा दर दरसूचीत नाही, सिमेंट धरावे. पुढच्या वर्षी पुन्हा सादर केलं, पुन्हा परत आलं. मग माझी बदली झाली.

अकरा वर्षांनी दुसऱ्या पदावर त्याच तालुक्यात गेले. पिंपळाचं खोड मनगटाएवढं झालं होतं आणि भिंत वरून खालपर्यंत उकलली होती. तिच्यामागे अभिलेख कक्ष. फेरफाराच्या नोंदवह्यांचे बस्ते भिजून त्यांची वीट झाली होती, पान सुटं होत नव्हतं. कितीतरी घरांच्या वाटण्या, वारस, बक्षीसपत्रं त्या विटेत अडकली होती. त्या वेळी इमारत धोकादायक ठरली आणि नव्या इमारतीला मंजुरी मिळाली. दोन मजुरांना जो पैसा नव्हता, तो नव्या इमारतीला होता. मला त्या दिवशी जे वाटलं, ते अजून जात नाही. त्या करंगळीएवढ्या रोपासाठी मी आणखी भांडायला हवं होतं.

आता कायदा. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, देशातली ती पहिली. इमारतींना श्रेणी आहेत आणि पाडण्याआधी वारसा समितीकडे जावं लागतं. काही इतर शहरांनीही याद्या केल्या आहेत. तालुक्याच्या गावी अशी यादी बहुधा नसते, पण नगरपरिषदेला ती करता येते. यादीत नसली, तरी ही सरकारी मालमत्ता आहे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे तिची नोंद असते. तुम्ही तीन गोष्टी मागा: संरचनात्मक तपासणीचा पूर्ण अहवाल (नुसतं पत्र नको), गेल्या 10 वर्षांतला देखभालीचा खर्च, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक कधी केलं होतं का. अहवालात दगडी भिंतींची प्रत्यक्ष चाचणी झाली की नुसतं ‘डोळ्यांनी पाहणी केली’ लिहिलंय, ते बघा. पुष्कळदा छप्पर सडलेलं असतं आणि भिंती ठणठणीत असतात. छप्पर बदलता येतं.

*

तालुका क्रीडा संकुलाला कायम कुलूप. आत लग्नं होतात, मंडपाचं सामान पडून असतं. आमची मुलं रस्त्याकडेला धावण्याचा सराव करतात. याच्यावर देखरेख कोणाची?
— एक पालक, बीड जिल्हा

क्रीडा हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत 33 व्या क्रमांकावर नाटक, चित्रपट, खेळ आणि करमणूक एकाच ओळीत आहेत. तालुका संकुलांसाठी समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी आणि महसूल, बांधकाम, क्रीडा खात्याचे अधिकारी बसतात. बांधून देणारं एक खातं, चालवणारी समिती, जमीन तिसऱ्याची. उद्घाटनाच्या कोनशिलेवर सगळ्यांची नावं असतात, पण कुलपाची किल्ली कोणाकडे हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, भाड्याची जमा आणि मैदान खुलं ठेवायच्या वेळा मागा.

मोठ्या मैदानांचंही हेच झालेलं आहे. 1982 च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियमं उभी राहिली आणि स्पर्धा संपल्यावर ती सांभाळायची कोणी, हा प्रश्न पडला. 1984 साली भारतीय खेळ प्राधिकरण स्थापन झालं, त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. आपल्याकडे बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झालं. बांधताना सगळ्यांना उत्साह असतो. दुसऱ्या दिवसापासून गवत कापणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगार स्पर्धेच्या खर्चात धरलेला नसतो.

तुमच्या पत्रातल्या मंडपाच्या सामानाने मात्र मला धास्ती वाटली. ते प्रेक्षक गॅलरीखाली ठेवलेलं असेल, तर उद्याच लेखी तक्रार द्या. 11 मे 1985 ला इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी गॅलरीखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत 56 माणसं गेली. ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेचा कायदा 1975 पासून होता, तरी त्या गॅलरीखालचा कचरा कोणी काढला नव्हता. मैदानाच्या सुरक्षेची तपासणी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. कोणीतरी वाकून गॅलरीखाली बॅटरी मारून बघायला हवं. बाहेर पडायच्या फाटकांना कार्यक्रम चालू असताना कुलूप असतं का, तेही बघा.

*

किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, म्हणजे आता युनेस्कोचा पैसा येणार ना?
— एक वाचक, कोल्हापूर

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून 12 किल्ले यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. नामांकन एकच, पण सांभाळणारे दोन. खर्च आपलाच आहे. उलट जबाबदारी वाढली: किल्ल्याच्या आसपास काय बांधलं जातं याचाही हिशेब आता द्यावा लागेल.

नाव यादीतून जाऊही शकतं. लिव्हरपूलचं बंदर 2004 साली यादीत गेलं आणि 2021 साली काढलं गेलं. कारण होतं गोदी परिसरातला नवा विकास आणि जुन्या गोदीत मंजूर झालेलं फुटबॉल स्टेडियम. लोकांना स्टेडियम हवं होतं आणि ते हवं असण्यात काहीच गैर नाही. पण वारसा एका खात्याकडे आणि मैदान दुसऱ्या खात्याकडे असलं की दोन्ही एका टेबलावर उशिरा येतात. मुंबईत याच्या उलट उदाहरण आहे. 2018 साली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह यादीत गेला, त्याच्या मधोमध ओव्हल मैदान आहे. एका बाजूला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती, आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळतात. ते मैदान मोकळं राहिलं, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना दिसतात.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एक सांगते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान आणि त्याला लागून नाट्यगृह उभारलं. मैदान वाडग्यासारखं खोलगट, कुठेही बसलं तरी हौदा दिसतो. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा मी रात्री बातम्या बघत बसले होते. पहिला विचार आला तो हा, की मोजमापाचे नकाशे कोणाकडे असतील का? कैचीची उतरण किती, रंगमंचाची खोली किती, आवाज मागच्या रांगेपर्यंत कसा जात होता. छप्पर पुन्हा घालता येतं, पण काय होतं ते कागदावर असेल तरच तसं घालता येतं. आपल्या गावातल्या प्रत्येक नाट्यगृहाचा आणि प्रत्येक तालमीचा असा नकाशा आज करून ठेवायला हवा, सगळं शाबूत असताना.

*

सरकारच्या यादीतली स्मारकं ‘हरवतात’ असं वाचलं. इमारत हरवते कशी?
— एक वाचक, नागपूर

हो, हरवतात. 2013 साली महालेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा 92 केंद्र संरक्षित स्मारकं सापडली नाहीत. नंतरच्या शोधात त्यांतली काही मिळाली. पुढे सांस्कृतिक मंत्रालयाने संसदेच्या समितीला 50 चा आकडा दिला: 14 शहरांच्या वाढीत गेली, 12 धरणांच्या पाण्याखाली, आणि 24 कुठे आहेत तेच कळत नाही. 2024 साली 18 स्मारकं यादीतून वगळायचं ठरलं, त्यांत हरियाणातला एक कोस मिनार आणि झाशीतली एका ब्रिटिश सैनिकाची कबर होती.

जुन्या याद्यांमधले पत्ते अर्धवट असतात, गावांची नावं आणि हद्दी बदलतात. पण मुख्य कारण साधं आहे: तिथे कोणी जात नव्हतं. याच समितीला दिलेल्या माहितीनुसार 3,693 स्मारकांपैकी फक्त 248 ठिकाणी पहारेकरी होते. बाकीच्या जागी महिन्यातून एकदा कोणी फेरी मारून वहीत सही केली असती, तरी चोवीस स्मारकं बेपत्ता झाली नसती.

*

मी अकरावीत आहे. आमच्या गावात जुनी बारव आहे, शेजारी कंत्राटदाराचं सुशोभीकरण चालू आहे. मोठी माणसं म्हणतात तुला काय कळतं. मी एकटी काय करू शकते?
— एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

पुष्कळ करू शकतेस. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे, 10 रुपयांचं शुल्क भरून अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुतेकांना वाटतं त्यातून फक्त कागद मिळतात. त्याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही अधिकार आहे. म्हणजे बारवेच्या दरजेत चुना भरताहेत की सिमेंट, हे तुला अधिकृतपणे विचारता येतं. घरातल्या मोठ्या कोणाच्या तरी सहीने अर्ज कर. बारव संरक्षित यादीत आहे का, कामाचा आदेश कोणी दिला आणि अंदाजपत्रकात काय काय आहे, एवढंच विचार.

त्याच्या आधी, उद्याच, एक काम कर. बारवेच्या प्रत्येक बाजूचे फोटो काढ: पायऱ्या, कोनाडे, मूर्ती, शिलालेख असेल तर तोही सकाळच्या तिरप्या उन्हात, तेव्हा अक्षरं उठून दिसतात. शिलालेखावर खडू किंवा पीठ चोळू नकोस, पाणीही टाकू नकोस. जिथे भेग आहे तिथे शेजारी शाळेची पट्टी धरून फोटो घे आणि मागे तारीख लिही. मग पावसाळा संपल्यावर त्याच जागी उभी राहून, तीच पट्टी धरून, पुन्हा फोटो घे. दोन्ही फोटो मला पाठव, भेग किती मिलिमीटर वाढली ते आपण मिळून मोजू.